पलीकडचा वर्ग

“मॅडम, एवढं सगळं एकाच परिच्छेदात बसवायचं म्हणजे माझ्या बॅगेसारखं झालं,” नर्स म्हणाली आणि वर्ग हसला.

संध्याकाळचा इंग्रजी रचनेचा वर्ग होता. दिवसभर कुठे कुठे राबून आलेली माणसं बाकांवर बसली होती. नर्स थेट ड्यूटीवरून आलेली, बेकरीवाल्याच्या बाहीला अजून पीठ. मागच्या बाकावर दुकानात कपड्यांच्या घड्या घालणारी मुलगी पेन धरूनच डुलक्या घेत होती. बाईंनी तिला उठवलं नाही. त्यांचेही पाय दुखत होते. सकाळपासूनचं हे तिसरं कॉलेज आणि हा पाचवा तास.

“बॅगेत एकच गोष्ट ठेवा,” बाई म्हणाल्या. “बाकीची पुढच्या बॅगेत. प्रत्येक परिच्छेदाला एकच काम द्यायचं. माणसासारखं नाही, की जो येईल तो त्याला कामाला लावतो.”

“हे आमच्या मेट्रनला शिकवा ना!”

पुन्हा हशा. मुलं त्यांना पाठीमागे ‘परिच्छेदबाई’ म्हणत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही शिकवलंच कुठे होतं? सुरुवात कशी करावी, मुद्दा कसा मांडावा, शेवट कसा करावा. तासावर पगार घेणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला रचनाच येते. इंग्रजी साहित्याचा वर्ग पलीकडच्या खोलीत भरायचा आणि तो मोठे सर घ्यायचे. भिंत पातळ होती. सर कविता म्हणू लागले की इकडे निबंध तपासता तपासता बाईंची पेन्सिल थांबायची.

पहाटे उठून, देवाचं नाव घेऊन, चहाच्या आधी साहित्याच्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, हा त्यांचा नेम होता. नोकरी लागली तेव्हापासूनचा. घरात आजारपण असो, पाहुणे असोत, पान चुकलं नाही. पुढेमागे वर्ग मिळालाच तर आपण तयार असावं, एवढाच हेतू. एक पुस्तक संपलं की दुसरं, ते संपलं की परत पहिलं. समासात पेन्सिलीने बारीक टिपणं केलेली, सगळी अशा मुलांसाठी जी अजून वर्गात आलीच नव्हती.

आणि यंदा मोठे सर निवृत्त झाले.

तास संपायच्या आधी बाईंनी फळा पुसला आणि त्या जरा अडखळतच म्हणाल्या, “साहित्याच्या वर्गाची नावनोंदणी उद्या दुपारी बंद होते. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी विचार करावा.”

“त्यात काय असतं हो मॅडम?” बेकरीवाल्याने विचारलं.

“कविता. गोष्टी. एक नाटक.”

“आणि त्याचा उपयोग?”

बाईंना या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं येत होती. पण घड्याळाकडे पाहून त्यांनी सगळ्यांत छोटं निवडलं. “उपयोग नंतर कळतो,” त्या म्हणाल्या.

“मी घातलंय नाव,” नर्स म्हणाली. “रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून काहीतरी पाहिजेच की डोक्यात. मॅडम शिकवणार म्हणून घातलंय हां, नाहीतर मी कसली!”

बाहेर पडताना विभागप्रमुख व्हरांड्यात भेटली. एके काळची बाईंचीच विद्यार्थिनी. तेव्हा पेपर सर्वांत आधी देऊन पळायची म्हणून वर्गाने तिचं नाव ‘घाई’ ठेवलं होतं. आता चष्मा आला, केस पिकू लागले, चाल मात्र तीच होती.

“बाई, वर्गाला एक विद्यार्थी कमी पडतोय. फक्त एक! तो मिळाला की वर्ग तुमचा. नाही मिळाला तर वरचे लोक यंदा बंदच करतील, आणि एकदा बंद झालं की परत कोण सुरू करतंय?”

“मी सांगितलं वर्गात.”

“सांगितलं म्हणजे तुम्ही हळूच म्हणाला असाल. अहो, जरा गळ घालायची!”

“घाई, कवितेसाठी गळ घातली तर ती कशी आवडेल कुणाला?”

प्रमुख हसली. मग हसणं आवरून म्हणाली, “तुम्हालाच मिळावा असं मला फार वाटतंय हो, बाई.”

घरी नवरा वॉशबेसिनखाली डोकं घालून बसला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होता, निवृत्त झाला, तरी हात स्वस्थ बसत नव्हते.

“गळतंय?” बाईंनी विचारलं.

“गळत नव्हतं. मी उघडल्यावर गळायला लागलं.”

जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. तो खाली मान घालून जेवत होता. मधेच म्हणाला, “एकच कमी?”

“एकच.”

“कुणी घ्यायचा असतो हा वर्ग? पदवीवालेच?”

“नाही हो. शाळा पूर्ण झालेलं कुणीही. असू द्या. जे पदरात पडायचं ते पडेल. इतकी वर्षं गेली, आणखी काय?”

“आणखी काय म्हणजे?” तो एकदम चिडून म्हणाला. “रोज पहाटे दिवा लागतो स्वयंपाकघरात, मला काय दिसत नाही? मी कूस बदलून पडतो, तुला वाटतं मी झोपलोय.”

ताट उचलताना बाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी थकव्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीत शिपाई निरोप घेऊन आला. बाई गेल्या तेव्हा प्रमुख खुर्चीत बसली नव्हती. दाराकडे पाठ करून खिडकीशी उभी होती.

“झाला का एक?” बाईंनी विचारलं.

“झाला. वर्ग होणार.”

बाई खुर्चीत बसल्या. मनातल्या मनात हात जोडले गेले. पहिल्या दिवशी कोणती कविता घ्यायची हे कधीचं ठरलेलं होतं. कोरड्या विहिरीची. एक बाई रोज संध्याकाळी विहिरीत दोर सोडते, बादली रिकामी वर येते, ती दोर गुंडाळते आणि घरी जाते. एवढीच कविता.

“बाई, पण...” प्रमुख वळली. “शेवटचं नाव तुमच्या मिस्टरांचं आहे.”

बाईंना आधी कळलंच नाही. मग हसू आलं. “यांचं? अगं, हे वर्तमानपत्रातसुद्धा फक्त हवामान वाचतात!”

“बंद व्हायला पाच मिनिटं राहिली होती, धापा टाकत आले म्हणे. ऑफिसातल्या मुलीने घेतलं नाव. मी असते तर मी थांबवलं असतं. घरच्या माणसाला शिकवून आपणच मार्क द्यायचे नाहीत, असा नियम आहे, बाई. मी वर फोन केला. त्यांचे पेपर दुसऱ्याने तपासले तर, असंही विचारलं. नाही म्हणाले.”

“मग?”

“ते वर्गात राहिले तर वर्ग यंदा आलेल्या नव्या सरांना द्यावा लागेल. त्यांनी नाव काढलं तर परत एक कमी, आणि नोंदणी बंद झालीय.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं. ते दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. बाई तिकडे पाहत होत्या.

“नवे सर चांगले आहेत का?”

“तरुण आहेत. भरभरून बोलतात. वाईट नाहीत.”

“मुलांनी नावं घातलीत,” बाई म्हणाल्या. “ती नर्स रात्रपाळी करून येणार आहे. चालू दे वर्ग.”

“बाई, तुम्ही विचार करा. संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी...”

“विचार कशाला? बंद झालं तर कुणालाच नाही.”

प्रमुख त्यांच्याजवळ आली आणि विद्यार्थिनी असताना पेपर देऊन पळायची तशीच, घाईने, त्यांचा हात दाबून बाजूला झाली.

नवरा दार उघडून वाटच पाहत होता. चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम फत्ते केल्याचा आनंद मावत नव्हता. “झाला ना वर्ग?”

“झाला.”

“मग? तोंड का असं? मला कवितेतलं ओ की ठो कळणार नाही म्हणून ना? मी मागे बसेन. काही विचारणार नाही. नापास केलंस तरी चालेल!”

बाईंनी पर्स ठेवली, घोटभर पाणी घेतलं आणि सांगितलं. शक्य तितकं सपाट, निबंधाचा सारांश सांगावा तसं.

तो दाराकडे वळला. मग चपला घालू लागला. “मी जाऊन नाव काढतो.”

“काढलंत तर वर्ग बंद होईल.”

“होऊ दे! तुझा नाही तर...” त्याने दुसरी चप्पल पायाने ओढली. “मी सगळा घोळ करून ठेवला गं. चांगलं करायला गेलो.”

“आधी बसा तुम्ही.” बाईंनी त्याच्या पायातली एक चप्पल काढून बाजूला ठेवली. “तुम्ही इतकी वर्षं गावाला पाणी दिलंत. आपल्या नळाला कधी वेळेवर आलं?”

तो हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. पण तो खाली बसला.

सत्र सुरू झालं. दोघं एकाच बसने जात, एकाच जिन्याने चढत, आणि वर गेल्यावर तो उजवीकडच्या खोलीत जाई, बाई डावीकडच्या. नव्या सरांचा आवाज खणखणीत होता. बाईंना रचनेची आणखी एक तुकडी मिळाली होती, त्यामुळे परिच्छेद दोनदा समजावावा लागे. कधी पलीकडून हशा येई, आणि त्यात आपल्या माणसाचं हसणं ओळखू येई. तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून जरा जास्त वेळ लिहीत राहत.

पहिल्याच दिवशी नर्स जिन्यात भेटली होती. “मॅडम, तुम्ही नाही? मी तर...”

“सर चांगले आहेत. झोप येणार नाही,” बाई म्हणाल्या.

पहाटेचा नेम मात्र मोडला. कुणी मोडला असं नाही. पुस्तक नवऱ्याला लागायचं, एवढंच. टिपणांसकट त्यांनी ते त्याला देऊन टाकलं होतं. तोही आता पहाटे उठू लागला होता. दिवसा वाचलं की डोळे दुखतात, म्हणायचा.

एका पहाटे बाई ओट्याशी चहाची भांडी घासत होत्या. तो टेबलाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, पुस्तकावर वाकलेला. पंपांचे नट आवळून जाड झालेलं बोट ओळीखाली सरकत होतं. एकेक इंग्रजी शब्द तो अडखळत, चाचपत उच्चारत होता.

“काय गं,” तो मान वर न करता म्हणाला, “विहीर कोरडी आहे हे हिला माहीत असतं ना?”

“हो.”

“मग रोज दोर का सोडते? सरांनी सांगितलं काहीतरी, मोठं मोठं. मला नाही पटलं. तू काय लिहिलंयस इथे बाजूला? अक्षर लागत नाही.”

समासातली ती टिपणं बाईंना पाठ होती. कितीतरी वर्षं त्या हे उत्तर एका वर्गासमोर मनात देत आल्या होत्या. त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

“तुम्ही परत एकदा वाचा,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. मोठ्याने.”

तो वाचू लागला. पहिल्याच ओळीत दोन उच्चार चुकले. बाईंनी ते सुधारले नाहीत. पाण्याच्या आवाजात पुढचं नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी नळ बंद केला आणि त्या ओले हात तसेच धरून कविता संपेपर्यंत उभ्या राहिल्या.