वरचे तीन इंच

ललितने जुन्या ट्रॉलीचा आस कटरखाली धरला आणि बरोबर मधोमध कापला. दोन्ही तुकडे फरशीवर पडले तेव्हा खुर्चीत बसलेल्या हेमकांतने पाय वर घेतले.

"चांगला व्हता ना तो," तो म्हणाला.

"एका गाडीसाठे चांगला व्हता. तुम्हन्या दोन शेतस."

त्या दोन गाड्या वर्कशॉपच्या अंगणात उभ्या होत्या. केळीच्या बागेचे पैसे आल्यावर हेमकांतने सुरतेहून दोन जुन्या एटीव्ही आणल्या होत्या, चार जाड टायरांच्या, डोळे वटारलेल्या. तोरणमाळला पर्यटकांना त्यांवर बसवून फेऱ्या मारायच्या, असा बेत होता. दोन दिवसांत एकीच्या सीटवर कोंबडीने अंडं दिलं. ती त्या धंद्याची पहिली कमाई.

हेमकांतच्या पिकअपमागे जोडायची ट्रॉली मात्र लहान होती, शेतात खताच्या गोण्या नेण्याएवढी. ती वाढवून द्यायची होती. हेमकांतने माप दिलं नाही. धानोऱ्यात माप कुणी देत नाही. "दोन्ही बसतीन इतली कर," एवढीच ऑर्डर असते, आणि इतकी म्हणजे किती हे वेल्डिंगवाल्याने ठरवायचं असतं. ललितने तीन वर्षं या एका ऑर्डरची वाट पाहिली होती.

तीन वर्षांपूर्वी तो सुरतेला कारखान्यात होता. दिवाळीला घरी आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन नवे खांब आणि चंदेरी गेट दिसलं. हेमकांतचं घर गल्लीच्या मध्यावर, ललितचं शेवटी. ढोरं आत येतात म्हणून हेमकांतने बसवलं, असं आई जसोदाबाई म्हणाली. वडील चुनीलाल काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली आणि गेटबाहेरच थांबली, आत मावेना. चौघांनी खाट उचलून गल्लीभर नेली. मागचा डावा पाय ललितच्या हातात होता. खाटेवरून वडील दर चार पावलांना म्हणत होते, हळू. नंदुरबार यायच्या आधीच ते बोलायचे थांबले. घाई केली असती तर वाचले असते का, हे ललितने कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी त्याने टेप घेऊन गेट मोजलं. पाच फूट आठ इंच.

सुरतेला तो परत गेला नाही. वडिलांचं वर्कशॉप उघडलं, त्यांचीच मशीन, त्यांचीच सवय. चुनीलाल प्रत्येक कामाच्या मागच्या, न दिसणाऱ्या अंगाला वेल्डिंगचे तीन थेंब सोडत, त्रिकोणात. ललितही सोडतो. हेमकांतशी तो रोज बोलायचा, नमस्कारही करायचा. फक्त गेटमधून जाताना खांबावर थुंकायचा, आणि तेही कोणी नसताना.

दोन्ही गाड्या आडव्या बसवायच्या असं त्याने ठरवलं. लांब ट्रॉली घाटात वळणावर कोपरा कापते, रुंद ट्रॉली पाय रोवून चालते. यात खोटं काहीच नव्हतं. नवा आस टाकला. वजन आसाच्या जरा पुढे येईल अशा जागी चाकांना अडवायच्या पट्ट्या मारल्या. मागे पडलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि पिकअपला ओढते. प्रत्येक गाडीला चार कोपऱ्यांत चार कड्या, ओढून बांधायचे पट्टे, पिकअपला जोडायच्या दांड्याखाली एकमेकींवरून गेलेल्या दोन साखळ्या, मागे लाल दिवे. एकेक जोड त्याने हातोडीने ठोकून पाहिला. जोड कच्चा राहिला तर तो अपघात, आणि ललितला अपघात नको होता.

सुरक्षेला रुंदीचे पाच फूट सात इंच पुरत होते. त्याने पाच फूट दहा केले. वरचे तीन इंच वडिलांच्या नावाने. शेवटी ट्रॉलीखाली झोपून तीन थेंब सोडले.

शुक्रवारी सकाळी दोन्ही गाड्या बांधून त्याने पिकअप गल्लीच्या तोंडाशी आणली. घण त्याने सीटमागे आधीच टाकून ठेवला होता. शेजारी बसलेला हेमकांत खाली उतरला, गेटकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं, दोन बोटं हवेत धरली.

"इतलं कमी पडी ऱ्हायनं."

ललितने चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. आठवडाभर त्याचा सराव केला होता.

"ट्रॉली कापाले चार दिन लागतीन. खांब पाडाले अर्धा तास."

शनिवारी तोरणमाळला पहिली फेरी ठरली होती. बाहेर उभ्या केल्या तर गावची पोरं चावीशिवायही गाड्या चालवतील, याबद्दल दोघांचं एकमत होतं. हेमकांतने डोकं खाजवलं.

"घण शे का?"

"शे."

दोघांनी गेट उचलून भिंतीला टेकवलं. मग हेमकांतने शर्ट काढला आणि स्वतःचा खांब स्वतः पाडायला लागला. ललित बोनेटला टेकून बघत होता. दर घावाला हेमकांत कण्हायचा. ललितने घाव मोजले नाहीत, पण एकही चुकवला नाही. अकराच्या सुमारास खांब आडवा झाला. पिकअप ट्रॉलीसकट आत गेली, कुठेही न घासता.

ललित विटा बाजूला करायला वाकला. बिजागरीची पाटी सिमेंटसकट सुटून पालथी पडली होती. त्याने अंगठ्याने सिमेंट खरवडलं. तीन थेंब. त्रिकोणात.

त्याने पाटी हेमकांतसमोर धरली.

"हाई कोनं काम शे?"

"तुन्हा बापनं," हेमकांत घाम पुसत म्हणाला. "मी सात फूट सांगं व्हतं. तो म्हने, पोरगा सुरतले शे. मी एकटा जितलं गेट उचलसू, तितलंच करसू."

"माले सांगं कसाले नही?"

"तू बापले उचलीसन लई गया व्हता. मी शेजारी शे. मन्हावर राग चाली जास, बापवर नही."

गल्लीच्या टोकाहून जसोदाबाई चहा झाला म्हणून हाक मारत होती. हेमकांतने शर्ट घातला आणि उलटी बटणं लावली. ललितने पाटी खिशात घातली. ती खिशात मावत नव्हती, तरी घातली.

मग त्याने घण उचलला आणि दुसऱ्या खांबाकडे गेला.

"ट्रॉली तं गयी ना," हेमकांत म्हणाला.

ललितने घण वर नेला. हेमकांतने त्याच खांबाला टेकवलेली आपली सायकल उचलली आणि चार पावलं लांब नेऊन उभी केली.