एकही डाग नाही

"एकसुद्धा डाग नाही!" अस्थिमहाराजांनी फिल्म उंच धरली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "डॉक्टर म्हणाले, मज्जेचा कॅन्सर, हाडं पोखरलीत. आम्ही काय केलं? फक्त फुंकर! आता यंत्रच साक्ष देतंय, भक्तहो. यंत्राला काय आम्ही लाच दिली?"

शेजारी हात जोडून तो रुग्ण उभा होता, पेशाने गवंडी. तीन महिन्यांपूर्वी त्याने महाराजांच्या शब्दावर कॅन्सरची इंजेक्शनं सोडली होती.

शेवटच्या रांगेत त्याची धाकटी बहीण. स्कॅन सेंटरमधली तंत्रज्ञ. ती फिल्म तिनेच काढली होती. सगळे टाळ्या पिटत होते, तिने पिटल्या नाहीत. महाराजांच्या डॉक्टर भक्ताची चिठ्ठी तिला आठवली. हाडांचा स्कॅन. फक्त हाच. दुसरा नको.

फक्त हाच का?

दुसऱ्या दिवशी तिने दादाच्या जुन्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणली. पंधरा दिवसांनी वहिनीने शपथ घातली, तेव्हा कुठे दादा सीटी मशीनवर आडवा झाला.

मणका. भोक.

खालचा मणका. भोक.

खुबा. कवटी.

भोकं.

"हे कुणाचं?"

"तुझंच, दादा."

"मग सभेतलं खोटं? तूच काढलंस ना?"

"फोटो खरा. पण त्या स्कॅनला भोकं दिसतच नाहीत. त्याला दिसते डागडुजी. शिरेतून सोडलेलं औषध नवं हाड बांधलं जातं तिथे साठतं, तिथे डाग उमटतो. तुझ्या रोगात हाड खाल्लं जातं आणि बांधणारे गवंडी कामावरच येत नाहीत. मग डाग कुठून येणार? फुंकरीआधी काढला असता तरी असाच कोरा आला असता. महाराजांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर चिठ्ठीत 'फक्त हाच'."

त्याने पडद्यावरच्या एका भोकावर बोट ठेवलं.

"भिंत आतून पोकळ, आणि मी चुना बघून खूश झालो," तो म्हणाला. मग हळूच, "धाकटे, माझी फिल्म बघून याच रोगाच्या आणखी सहा जणांनी इंजेक्शनं सोडलीत गं."

पुढच्या सभेला तो पाठीला पट्टा बांधून, दोन्ही फिल्म घेऊन गेला.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज गरजले.

"श्रद्धा मापात होती, महाराज. तपासणी चुकीची होती."

सहांपैकी चौघं त्या आठवड्यात दवाखान्यात परतले. पाचवीचा मणका बिछान्यातून उठताना मोडला. सहावा अजून फुंकर घेतोय.

तेव्हा कुणी कोरी फिल्म नाचवली, तर एवढंच विचारा: या तपासणीत काय दिसत नाही? उत्तर देईल त्याचं ऐका. रागावेल त्याच्यापासून पळा, हाडं धड आहेत तोवर.