मृगातलं जहाज

"मंग जूनातच जाऊ," अण्णाजी म्हणाले, आणि भागीरथाबाईंच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

रविवारची दुपार. पौषाचं उबदार ऊन अल्लीपूरच्या त्या घराच्या ओसरीत पायरीपर्यंत आलं होतं. भागीरथाबाई सोले काढत होत्या. अण्णाजी खुर्चीवर होते आणि समोर स्टुलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये त्यांची धाकटी लेक अंकिता होती. नवऱ्याच्या नोकरीपायी ती सात वर्षांपासून नॉर्वेत राहत होती. इकडे दुपारचा एक वाजला होता आणि तिच्या खिडकीत अजून उजाडायचं होतं. याचंच भागीरथाबाईंना दर वेळी नवल वाटायचं. आज मात्र त्याहून मोठं नवल घरातच घडलं.

लेकीने आईबापाला जहाजाने फिरवायचं ठरवलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, इथं डोंगर सरळ समुद्रात उभे हायेत. दोन डोंगरांच्या मधून समुद्र गल्लीवानी आत घुसते. त्याले फ्योर्ड म्हनतात. जहाज त्या गल्लीतून जाते. तुमी फक्त महिना सांगा."

मग तिने एकेक महिना समजावून सांगितला. मे महिन्यात डोंगरावरचा बर्फ वितळतो, धबधबे भरून वाहतात, सफरचंदाच्या झाडांना फुलं येतात. सप्टेंबरात पानं लाल-पिवळी होतात, गर्दी नसते, पण पाऊस फार. हिवाळ्यात आकाशात हिरवा उजेड नाचतो म्हणे, पण दिवस असा, की डोळे चोळता चोळता संपतो.

"सप्टेंबरात आपल्याकडं महालक्ष्म्या असतात," भागीरथाबाई म्हणाल्या. "त्या सोडून मी कुठंच येत नाई."

"म्हनून म्हनते मे," अंकिता म्हणाली. "तिकडचं ऊन बी टळते आन् मृगाच्या आधी बाबा घरी. मी पंधरा दिवसाचं पाहून ठेवलं."

तेव्हा अण्णाजींनी विचारलं, "सगळ्यात चांगला महिना कोनता तिथला?"

"चांगला म्हनाल तर जून. पन बाबा, जून तर तुमचा..."

"मंग जूनातच जाऊ."

मोबाईलमधली अंकिता हललीच नाही. भागीरथाबाईंना वाटलं, नेट गेलं. पण नेट गेलं नव्हतं, लेकच थिजली होती.

"बाबा, पेरनी?" अखेर ती म्हणाली.

"जूनात तिथं काय असते ते सांग."

"जूनात... जहाज वर उत्तरेले जाते ना, तिथं सूर्यच मावळत नाई. रात्रीचे बारा वाजले तरी ऊन."

"माय वं!" भागीरथाबाईंनी शेंग ताटात टाकली. "मंग तिन्हीसांजेचा दिवा कवा लावाचा?"

"घड्याळ पाहून लाव," अण्णाजी म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

आतून सून रुचिका धावत आली. कणकेचे हात तिने तसेच धरले होते. "आई, बाबा काय म्हनाले? जून?"

भागीरथाबाईंनी नुसती मान हलवली. ज्या माणसाच्या घरात त्या सेहेचाळीस वर्षं नांदल्या, तो माणूस मृग लागला की गावाची शीव ओलांडत नसे. सख्ख्या मेव्हण्याचं लग्न मृगात निघालं, तर यांनी आहेर पाठवला, स्वतः गेले नाहीत. एका वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर पोटाचे टाके निघायच्या आधी हे वावरात. आता पेरणी ट्रॅक्टरने होते, पण त्यांच्या घरची रीत जुनी होती. पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, बैलाच्या तिफणीचं, आणि तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या त्या लाकडी वाडग्यावर, मूठ घरच्या कर्त्या माणसाची. अण्णाजींचा बाप गेला त्या वर्षापासून ती मूठ अण्णाजींची होती. ती दुसऱ्या कोणाच्या हाती कधी गेली नाही.

दिवस कलल्यावर मुलगा गजेंद्र वावरातून आला. कानशिलावर केस पांढरे झालेला, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. बायकोने सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. हातपाय धुवायचंही त्याला सुचलं नाही.

"आई, बाबाची तब्येत बरी हाय ना?"

हाच प्रश्न भागीरथाबाईंच्या मनात दुपारपासून टोचत होता. माणूस जायच्या आधी असा बदलतो, हे त्यांनी माहेरी पाहिलं होतं. त्यांचा चुलता जन्मभर कंजूष, आणि शेवटच्या महिन्यात गावभर लाडू वाटत सुटला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या नवऱ्यावर डोळा ठेवून राहिल्या. किती भाकरी खातात, जिना चढताना दम लागतो का, सगळं पाहिलं. उशीखाली हात घालून पाहिला. तिथे तंबाखूची डबी तेवढी निघाली. शेवटी त्यांनी स्वतःच्या गुडघ्याचं निमित्त काढून अण्णाजींना हिंगणघाटला डॉक्टरकडे नेलं आणि तिथे पोहोचल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माह्या गुडघ्याले काई नाई झालं. यायले पाहा."

डॉक्टरने तपासलं, रक्त काढलं, पट्टी लावून मशीन फिरवली. म्हणाला, "बाई, यांचं काळीज बैलाचं आहे. तुम्हीच जरा वजन कमी करा."

परतीच्या यष्टीत अण्णाजी हसू दाबत बसले होते. भागीरथाबाई मात्र आणखीच घाबरल्या. आजार असता तर औषध असतं. अंगात काही नाही आणि माणूस बदलला, याला काय करायचं?

पाराजवळ शेजारचा तानबा भेटला. त्याचं वावर यांच्या वावराला लागून. तो लांबूनच ओरडला, "काऊन जी अण्णाजी, म्हातारपनी हनिमूनले चालले म्हने? तेबी मृगात? वावर कोनाले देऊन राह्यले, मले द्या ना!"

"तुले दिलं तर तू त्यातबी लोकाचे बांध कोरशीन," अण्णाजी म्हणाले.

सगळे हसले. भागीरथाबाई हसल्या नाहीत. वावर कोणाला देऊन राहिले, हे शब्द त्यांच्या कानात राहिले. म्हणजे विकलं की काय? लेकाला न विचारता?

तिकिटं निघाली. नऊ जूनचं विमान नागपूरहून. होळी झाली, गुढीपाडवा झाला. एप्रिलच्या एका दुपारी त्या पाटी शोधायला कोठीत गेल्या, तर भिंतीला टेकवलेल्या तिफणीवर चाडं नव्हतं. नुसता ठोकळा होता आणि त्यावर कोळ्याचं जाळं. वावर विकल्याशिवाय कोणी चाडं काढतं का?

त्या तशाच गोठ्यात गेल्या. अण्णाजी बाजेवर बसले होते. मांडीवर ते चाडं घेऊन त्याला जवसाचं तेल चोळत होते.

"खरं सांगा," भागीरथाबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "वावर कोनाले इकलं?"

अण्णाजींनी वर पाहिलं. "काय बोलून राह्यली तू?"

"मंग हे काय? जूनात जायचं काय, चाडं काढलं काय! मले डॉक्टरनं सांगतलं तुमाले काई झालं नाई. मंग झालं तरी काय तुमाले? पोरगा चार महिन्यापासून धड जेवला नाई. त्याले वाटते बाप चालला."

अण्णाजींनी बाजेवर सरकून जागा केली. मग म्हणाले, "बस इथं."

त्या बसल्या.

"मांगच्या साली गज्यानं काय म्हनलं होतं, ध्यानात हाय? 'बाबा, आठ दिवस थांबू, ओल बोटभरबी गेली नाई.' मी काय म्हनलं? 'मृगाचं पेरलं ते उगवलंच.' पेरलं. एकोनवीस दिवस पानी नाई. सारं सोयाबीन मातीत भाजलं. तानब्या थांबला, त्याचं एकदाच्यानं निघालं. आपली दुबार पेरनी."

"आभाळाचं कोनाले समजते?"

"त्याले समजलं होतं ना! आन् मले त्या नुकसानीचंबी काई नाई. दुबारच्या बियान्याले हिंगनघाटले गेलो दोघं. मी बाहेर पानठेल्यावर. आत दुकानदार इचारते, कोनतं बियानं देऊ? आपला गज्या म्हनते, 'बाबाले इचारून सांगतो.' अख्खं दुकान हसलं. एक पोट्टा म्हने, 'काका, लग्नबी बाबाले इचारूनच केलं का?' गज्याबी हसला. तो हसला ना, तेच मले दिसते मंगपासून." अण्णाजींचा अंगठा चाड्याच्या काठावरून फिरत होता. "चव्वेचाळीस वर्साचा झाला तो. मी त्याच्या उमरीत होतो तवा मले कोन सांगे? कोनीच नाई. बाप मेला होता."

भागीरथाबाई ऐकतच राहिल्या. सेहेचाळीस वर्षांत या तोंडातून 'माझं चुकलं' असा शब्द आला नव्हता. आताही तो आला नाही, पण त्याच्या अगदी दारात येऊन उभा राहिला होता.

"मंग इथं राहूनच द्या ना त्याच्या हाती. त्यासाठी समुद्रात कायले जा लागते?"

"इथं राह्यलो तर माहं तोंड बंद राहीन? तू सांग."

त्यांनी खरंच विचार केला. "नाई."

"वर्ध्याले गेलो तर फोन करीन. नागपूरले गेलो तर यष्टी धरून येईन. मंग पोरीनं जहाजाचं सांगतलं. म्हनलं, हे बेस. जहाजातून उतरून थोडी येता येते!"

भागीरथाबाईंना एकदम हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"गज्याले सांगू नोको," अण्णाजी म्हणाले. "सांगून देलं तर ते पुन्हा माहंच झालं."

त्यांनी गजेंद्रला सांगितलं नाही. पोराचा उतरलेला चेहरा पाहून कितीदा जिभेवर आलं, तरी नाही. तब्येत ठीक आहे, एवढंच त्याला सांगत राहिल्या.

सात जूनला मृग लागला आणि यंदा पहिल्याच दिवशी आभाळ फुटलं. दोन तास असा पाऊस, की अंगणातून लोंढे वाहिले. आठ तारखेला सकाळी गावात जिकडे तिकडे ट्रॅक्टर सुरू. तानबाने तर उजाडताच सुरुवात केली. अण्णाजी ओसरीत उकिडवे बसून बॅगेची चेन लावत होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला त्यांची मान वर होत होती.

गजेंद्र वावरातून आला. त्याच्या हातात ओल्या मातीचं ढेकूळ होतं. दर वर्षी असंच असायचं. तो ढेकूळ आणायचा, अण्णाजी ते मुठीत दाबायचे, फोडायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे.

"बाबा, पाहा ना. पेरू का?"

अण्णाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

रुचिका दारात उभी होती, ती तशीच थबकली. गजेंद्रचा हात पुढे आलेला तसाच राहिला. बापाने ढेकूळ घेतलं नाही, हे त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा मार खाल्ल्यासारखा झाला.

"माहं काई चुकलं का बाबा?"

"मले काय इचारतं? मी तर नॉर्वेले चाललो." अण्णाजी आत गेले आणि तेलाने काळं चकचकीत झालेलं चाडं घेऊन आले. ते त्यांनी गजेंद्रच्या दुसऱ्या हातात दिलं. "हे तिफनीले बसवून घेजो. कवा पेराचं ते तू पाह्य."

एका हातात माती आणि एका हातात चाडं घेऊन गजेंद्र उभा राहिला. एकदा आईकडे पाहिलं. भागीरथाबाईंनी नजर खाली घातली, नाहीतर सगळं सांगून बसल्या असत्या. मग त्याने बोटांनी ते ढेकूळ हळूहळू फोडलं. आत कोरडी, फिकी माती निघाली.

"नाई पेरत मी अजून," तो म्हणाला. "वरवरची ओल हाय. अजून एक पानी येऊ द्या."

साऱ्या गावाचे ट्रॅक्टर चालू होते. अण्णाजींचे ओठ उघडले. मृगाचं पेरलं ते उगवलंच, हे वाक्य भागीरथाबाईंना त्यांच्या गळ्यात वर चढताना दिसलं. पण ते तिथेच अडलं.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगाला पेरलेली वावरं होती, सरळ तासं पडलेली. मधोमध त्यांचं एकट्याचं वावर काळं, मोकळं पडलं होतं. पलीकडच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तानबाने हात हलवला आणि ओरडला, "अण्णाजी, तुमचं राह्यलं ना जी!"

अण्णाजींनी काच वर केली. भागीरथाबाईंनी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताची मूठ मांडीवर मिटली होती, चाड्यावर धरतात तशी. नागपूर येईपर्यंत ती सुटली नाही.