सात राजवाडे, पाच दिवस

सहलींच्या त्या कचेरीत तिला सगळे ताई म्हणत, मालकसुद्धा. अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसून ती लोकांना राजवाडे दाखवत आली होती. स्वतः एकही पाहिला नव्हता. पण कुठला दरवाजा किती वाजता उघडतो, कुठे उन्हात रांग लागते, हे विचारा, सगळं तोंडपाठ.

आखणी करताना तिची एक खोड होती. कागदाच्या कडेला ती पेन्सिलीने एक जादा रकाना ओढायची, ड्रायव्हरच्या झोपेचा. गिऱ्हाइकाच्या प्रतीत तो नसायचा. पाहुणे खोलीत घोरू लागले तरी ड्रायव्हरला गाडी धुवायची असते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचंही असतं. हे बाकी कुणाच्या गावीही नसे.

या वेळी तो रकाना भरताना तिची पेन्सिल मधेच थांबली. पाच शहरं, सात राजवाडे, पाच दिवस. तिसऱ्या रात्री जेमतेम अडीच तास झोप, आणि चौथ्या दिवशी आठ तासांचा रस्ता. त्यात घाट, तोही जागोजाग कठडा ढासळलेला. आणि गाडीवर नेमला होता तिचा धाकटा भाऊ, जो लहानपणापासून जेवताना घास हातात धरून डुलक्या काढायचा.

सकाळीच ती कागद घेऊन मालकांपुढे उभी राहिली.

"डोंगरावरचा राजवाडा गाळा, नाहीतर एक दिवस वाढवा. माणूस झोपणार कधी?"

"झोप हे काय बघायचं ठिकाण आहे का?" मालक हसले. "गिऱ्हाइकाकडच्या आजोबांना सूर्योदय तिथूनच बघायचाय. बारा जणांचं कुटुंब आहे, ताई. आपण नाही म्हटलं तर समोरचा हो म्हणायला टपलेलाच आहे."

ती भांडली, आवाज चढला, बाहेरची माणसं माना वळवून बघू लागली. मालक ढिम्म. शेवटी तिने धडधडीत थाप मारली.

"मग माझ्या भावाला तरी पाठवू नका. त्याच्या डोळ्यांना त्रास होतोय."

"हात्तिच्या! एवढंच ना? मग दुसरा बघ की."

तिने बघितला. पहिल्याच फोनला एक जण तयार झाला. तीन महिने त्याच्या हातात गाडी नव्हती. दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन काचेच्या दाराबाहेर थांबली होती.

"ताई, लाख उपकार झाले," तो म्हणाला. मग जरा ओशाळून त्याने विचारलं, "मधे झोपायला मिळेल ना? मला झोप थोडी जास्त लागते."

तिने त्याच्यापुढे गिऱ्हाइकाची प्रत सरकवली.

"मिळेल की. थोडं मागेपुढे होईल, एवढंच."

त्याने कागद न वाचताच घडी करून खिशात घातला. बाहेर त्याच्या बायकोने काचेपलीकडून हात जोडले. ताईला स्वतःची शिसारी आली. पण भाऊ सुटला, हा विचार त्या शिसारीहून मोठा होता, आणि तोच तिला धरून ठेवत होता.

ती नवराबायको जिना उतरत होती, तेवढ्यात आतून मालकांनी हाक मारली.

"ताई, आजोबांचा फोन आहे. चौथ्या दिवशी घाटाला लागायच्या आधी तळ्यातला महालही हवा म्हणतात. म्हणजे आठवा राजवाडा. बसेल का गं?"

सकाळी असं कुणी विचारलं असतं, तर तिने कागद त्यांच्या अंगावर भिरकावला असता.

"ड्रायव्हरला पहाटे तासभर आधी उठवलं की बसेल," ती म्हणाली. त्यासाठी तिला कागद काढूनही बघावा लागला नाही.