नगरसेविकेच्या टेबलाखालचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. खरं सांगायचं तर मशीनचे नुसते पाय उरलेत. डोकं गेलं, चाक गेलं, पट्टा गेला, ड्रॉवरही गेला. लोखंडी स्टँड आणि खालचं पायडल, एवढीच काय ती मी. अंगावर जाड काच टाकून मला कोपरखैरण्याच्या एका नगरसेविकेच्या ऑफिसात टेबल करून ठेवलंय. येणारे जाणारे म्हणतात, "वा, काय मस्त आयडिया!" आग लागो त्या आयडियेला.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. मी देखणी होते आणि मला ते ठाऊक होतं. साताऱ्याच्या दुकानातून राहीबाईच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं आणि एस.टी.च्या टपावर बसून मी तिच्यामागे इथे आले. तिचा नवरा भैरू मार्केटात पोती उचलायचा. एके दिवशी साखरेची थप्पी त्याच्या अंगावर आली आणि त्याची कंबर कायमची गेली. तेव्हापासून ते घर मी चालवलं. मी म्हणजे मी आणि राहीबाईचे पाय.

ब्लाउज, परकर, उशीचे अभ्रे, शाळेचे गणवेश, आम्ही काय नाही शिवलं? राहीबाई रोज कापसाच्या बोळ्याने मला तेल घालायची. दसऱ्याला माझी पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची. "हिच्यावर आमचं पोट हाय," असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि माझं चाक अभिमानाने दोन वेढे जास्तच फिरायचं.

पंच्याण्णव साली महापालिकेची पहिली निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड आखला गेला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, खाली नाला. त्या चौकटीत तीन मुलूख कोंबलेले. आमच्या माथाड्यांच्या बैठ्या घरांच्या ओळी, आगऱ्यांचं जुनं गावठाण, आणि सेक्टरमधल्या फ्लॅटवाल्या सोसायट्या. तिघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही. चिठ्ठी निघाली आणि वॉर्ड बाईसाठी राखीव झाला.

गावठाणातल्या सुमित्राबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आमच्या ओळीत नळ आणला होता. हंडा डोक्यावर घेऊन त्या पाणीखात्याच्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि पाण्याची तारीख घेतल्याशिवाय उठल्या नव्हत्या. आमच्या ओळीतली सगळी मतं त्यांचीच, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

मार्केटातला कांद्याचा व्यापारी नंदकिशोर याने आपली बायको वैशाली उभी केली. तिला सेक्टरमध्ये मतं होती, आमच्याकडे एकही नव्हतं. मग तो एका दुपारी पेढे घेऊन राहीबाईकडे आला.

"ताई, माथाड्यांची बाई नगरसेविका का होऊ नये? तुमी फॉर्म भरा. वैशालीचा फॉर्म डमी आहे, ऐन वेळी मागे घेतो. टेन्शन घेऊ नका, सगळा खर्च माझा."

भैरू आतून ओरडला, "राहे, ह्यो माणूस कांदा नासका निघाला तरी वर चांगला लावून इकतो!"

राहीबाईने ऐकलं नाही. कधी नव्हे ते कुणीतरी तिला ताई म्हणत होतं. मला तिचा राग आला, पण खोटं कशाला बोलू, हुरळले तर मीही. कारण तिला चिन्ह मिळालं शिलाई मशीन!

आमच्याकडे रिवाज असा, की चिन्ह कागदावर दाखवून भागत नाही, ती वस्तू प्रत्यक्ष मिरवावी लागते. पतंगवाला पतंग उडवतो, छत्रीवाला भर उन्हात छत्री धरून हिंडतो. मला कांद्याच्या टेम्पोवर चढवून दोरखंडाने आवळलं, वर हार घातले. दोन आठवडे मी वॉर्डभर फिरले. शिवायचे कपडे घरी तसेच पडून होते. माझ्या सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. नंदकिशोरचा माणूस नुसतं पायडल मारायचा आणि मी रिकामी खडखडायचे. सेक्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावरून एका बाईने विचारलं, "अहो, मशीन रिपेअर करता का?" गावठाणात तर कुणी बाहेरही आलं नाही. फक्त सुमित्राबाई येऊन टेम्पोसमोर उभ्या राहिल्या.

"राहीबाय, तू उभी राव, माझा काय बी बोलना नाय. पन तुला जिकवाला नाय, माझी मता फोराला उभी केलीय. तुझे गल्लीत पानी कोनी आनला, याद ठेव."

राहीबाई खाली मान घालून बसली. अर्ज मागे घ्यायची तारीख उलटून गेली होती आणि वैशालीचं नाव यादीत तसंच होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेजारची हौसाबाई चार बायका घेऊन आली. "राहे, मशीनवर शिक्का मारला की परतेकीला मशीन मिळतीया म्हणं. खरं का गं?"

ही आवई नंदकिशोरच्या माणसांनी उठवली होती. तो स्वतः शेजारीच उभा होता आणि राहीबाईकडे डोळे रोखून बघत होता. मी मनात ओरडत होते, नाही म्हण, अगं नाही म्हण!

राहीबाई म्हणाली, "मिळंल की."

दोनच शब्द. तेवढ्यानेच सगळ्यांचं वाटोळं झालं.

निकाल लागला. राहीबाईला दोनशे बारा मतं. सुमित्राबाई एकसष्ट मतांनी पडल्या. वैशाली नगरसेविका झाली आणि ज्या टेम्पोवर मला मिरवलं त्याच टेम्पोवर गुलाल उधळत तिची मिरवणूक निघाली.

बायका नंदकिशोरकडे मशीन मागायला गेल्या. तो हसला. "चिन्ह कोणाचं होतं? तिच्याकडे मागा ना."

मग त्या आमच्या दारात आल्या. आधी शिव्या झाल्या. राहीबाई हात जोडून म्हणाली, "माझं चुकलं, पर हिला हात लावू नगा. आमचं पोट हाय हिच्यावर." हौसाबाईने माझं चाक धरून हिसडलं. "मशीन देतीस न्हवं? मग दे!" एकीने पट्टा ओढला, एकीने ड्रॉवर, एकीने बॉबिनची डबी पदरात बांधली. दोघींनी मिळून माझं डोकं उपटलं. भैरू खाटेवरून उठायला गेला आणि तिथेच पडला. राहीबाईने माझे पाय मिठी मारून धरले होते. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

उरलेले पाय त्यांनी भंगारात घातले. तिथे हे नक्षीदार पाय नंदकिशोरला आवडले आणि त्याने मला उचलून बायकोच्या ऑफिसात आणलं. चार वर्षं झाली. वैशालीबाई इथे क्वचितच येतात, कारभार तोच बघतो. आमच्या ओळीतल्या नळाला आता दिवसाआड पाणी येतं, असं इथे कामासाठी रांगेत बसलेली माणसं बोलतात.

गेल्या आठवड्यात राहीबाई आली. हल्ली ती मार्केटात सांडलेलं धान्य झाडून निवडते. गरजू बायकांना शिलाई मशीन द्यायची योजना निघालीय, तिच्या अर्जावर नगरसेविकेचं शिफारसपत्र लागतं. नंदकिशोरने तिला ओळखलंच नाही. खुर्ची दाखवली, अर्ज काचेवर पसरला आणि विचारलं,

"शिवणकाम येतं का?"

 राहीबाईचा पाय चपलेतून निघून आपसूक माझ्या पायडलवर आला होता. तोच पाय, टाचेला तीच भेग. तिने खाली पाहिलं, नक्षीवरून बोट फिरवलं आणि ती पायडल मारू लागली. मी हलले. देवा शपथ सांगते, चार वर्षांनी मी जीव तोडून हलले. फिरवायला वर काहीच नव्हतं.

"ओ बाई," नंदकिशोर खेकसला, "पाय हलवू नका, सही वाकडी येते."

तिने पाय काढून घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल घाला, त्यांची निगा राखा, असं शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची पद्धत आहे. राहीबाईने माझी निगा कुणापेक्षाही जास्त राखली होती, म्हणून मी ते सांगणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. तुमच्या दारात कुणी मशीन मिरवत आलं, तर तिच्या हारांकडे बघू नका. जवळ जा आणि सुईत दोरा आहे का, तेवढं बघा.