मोह गळण्याआधीचं रक्त

दीपिकाला आनंद आवरत नव्हता. प्रयोगशाळेत तिच्यासमोरच्या ताटलीतले खळगे एकामागून एक पिवळे होत होते. पिवळा म्हणजे रक्तात कोरोनाशी लढलेली प्रतिपिंडं आहेत. लस तर तिच्या गावात अजून पोचलीच नव्हती. आणि हे रक्त होतं फेब्रुवारीतलं, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या शिबिरात गावकऱ्यांकडून घेतलेलं, आता गावाला विचारून फ्रीजरमधून काढलेलं. खुर्चीवर बसवेना तिला. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, तरी पिवळंच.

तिची आत्या बुधरी राजुऱ्याहून गावी परतली ती मार्चमध्ये. पाठोपाठ तपासणी झाली, अर्धं गाव बाधित निघालं आणि खापर फुटलं बुधरीच्या माथी. एवढा झटपट न्याय कोर्टातसुद्धा होत नाही! गावचा भूमिया, म्हणजे गावदेवाचा पुजारी, सुकलू; त्याचा शब्द कोणी मोडत नसे. त्यानं तिला मोहाच्या झाडांकडं फिरकायची बंदी केली. एका घरच्या झाडाखालची फुलं दुसऱ्यानं वेचायची नाहीत, ही तिथली रीत. त्यामुळे तिचा मोह जागच्या जागी सडत होता, आणि त्याच्यावर तर तिचं वर्षाचं तेलमीठ चालायचं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी गावात येऊन ज्याचा त्याला निकाल एकांतात सांगितला. संध्याकाळी गाव जमलं. बुधरी लांब, कुंपणापाशी बसली होती. बुधरी यायच्या आधीच गावातल्या काहींना कोरोना होऊन गेला होता, हे दीपिकानं एका दमात सांगून टाकलं. कोणाकोणाला, असं लोकांनी विचारलं. ते मात्र ती सांगणार नव्हती.

सुकलू उठला. त्याच्या अंगाला माती लागली होती.

"मले झाला होता," तो म्हणाला. "हिवाळ्यात लग्नाले गेलतो, तवापासून खोकला होता. म्या कोणाले सांगतलं नाई."

त्या म्हाताऱ्याचा दीपिकाला राग यायला हवा होता. तो आलाच नाही.

सुकलू कुंपणापाशी गेला. "बुधरीबाई, तुह्या झाडाखालचा सडलेला मोह आज म्या काढला. जागा झाडून ठेवली. पहाटे नवा पडन."

बुधरीनं पदरानं डोळे पुसले आणि घरात टोपली शोधायला गेली.