मोठ्या एलचा ळ

उद्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला द्यायचा होता आणि आज अभय विचारतो, "सुचित्रामावशी, वेल कुठेय?"

माझं डोकंच फिरलं. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची लेक, अशी सहाशे माणसं मी चार वर्षं खपून डेटाबेसमध्ये भरली होती. त्या यादीचं नाव वेल, म्हणजे वंशवेल. इंग्रजीत व्ही, ई आणि लहान एल. दुसरी यादी कुणाला कधी फोन करायचा त्याची. तिचं नाव वेळ. मराठी टाइप करताना ळ काढायला आपण मोठा एल दाबतो, तसाच मी तिथेही दाबला. अक्षरं तीच, शेवटचा एल तेवढा मोठा.

गिरगावातल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. त्याला ल आणि ळ यांतला फरक कळायचा. छापखान्याचं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं, म्हणून माझ्या या भाच्याने सगळ्या फाइली नव्या मशीनवर हलवल्या. डेटाबेस कितीही हुशार असला तरी त्याच्या याद्या फाइली होऊन राहतात सिस्टीमच्या घरात, भाडेकरूसारख्या. नव्या घरमालकाला लहान एल काय नि मोठा काय, दोन्ही सारखेच.

"नव्या मशीनने विचारलेलं गं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का म्हणून," अभय पुटपुटला. "मला वाटलं डुप्लिकेट आहे. यस टू ऑल केलं."

"आणि जुनी डिस्क?"

"फॉरमॅट मारली. तूच बोललीस, भंगारात द्यायच्या आधी पूस."

बोलले होते. बॅकअप पुढच्या रविवारी घेऊ, हेही मीच बोलले होते, सलग तीन रविवार. वहीत एक ओळ उतरवली नव्हती. आधी अभयवर चिडले, मग त्याहून जास्त स्वतःवर.

बाकीच्यांना पुन्हा विचारता येईल. पण कोकणातली मूळ शाखा, दोनशे नावं, परळच्या कमलाकांतआबांनी तोंडपाठ सांगितली होती. ती दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. "चाय घेतल्याशिवाय माका काय आठवणा नाय गो," म्हणायचे.

आबा मार्चमध्ये गेले.

वेल गेली, वेळ उरली. अभयने ती उघडली. पहिलीच ओळ: कमलाकांतआबा, दुपारी चारनंतर, चहा झाल्यावर.

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.